बीपीटी झालं, पुढे काय? गोव्यात फिजिओथेरपीचं करिअर सुरू करायचा नीट क्रम

दरवर्षी बीपीटीची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची, इंटर्नशिप संपत आली की मेसेज सुरू होतात. बेळगाव, कोल्हापूर, सांगली, पुणे, मंगळूर, कुठे कुठे शिकलेली आपली गोव्याची मुलं परत येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, सर कुठला कोर्स करू? दुसरा, क्लिनिकसाठी मशीन कुठलं घेऊ? अरे पण रजिस्ट्रेशन झालंय का विचारलं की समोरून टाइपिंग... टाइपिंग... आणि मग काहीच नाही. मुलं हुशार आहेत, राबतात पण भरपूर, फक्त सगळं उलट्या क्रमाने करतात आणि मग दोन वर्षांनी म्हणतात ह्या फिल्डमध्ये पैसाच नाही. म्हणून एकदाच क्रम लिहून ठेवतोय, ज्याला जिथे अडलंय तिथून त्याने वाचावं, पण आधीचा टप्पा कच्चा असेल तर मागे जा हे आत्ताच सांगतो.

टप्पा १: कागदपत्रं, आणि तीही कॉलेज सोडायच्या आधी

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे म्हणूनच सगळे टाळतात. इंटर्नशिपच्या शेवटच्या महिन्यात कॉलेजच्या ऑफिसमध्ये बसून खालच्या गोष्टी हातात घ्या. एकदा गोव्यात परत आलात की एका सहीसाठी बेळगावला किंवा सांगलीला खेटे घालावे लागतात, आणि ज्या क्लार्कची सही हवी असते तो नेमका रजेवर असतो.

- सगळ्या वर्षांच्या मार्कलिस्ट, प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं पत्र
- ट्रान्सक्रिप्ट, आणि अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली पूर्ण प्रत
- कुठल्या विभागात किती तास पोस्टिंग केलं त्याचा लेखी तपशील
- कॉलेजच्या दोन शिक्षकांची शिफारसपत्रं, लेटरहेडवर

दुसरी आणि तिसरी गोष्ट आत्ता फालतू वाटेल, पण पुढे परदेशात जायचं डोक्यात आलं तर ह्याच दोन कागदांवर गाडी अडते.

नावाचं स्पेलिंग तपासा. हे गोव्यात खास सांगावं लागतं. जन्मदाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरं स्पेलिंग, डिग्रीवर तिसरं. नाईक-नायक, देसाई-देस्साई, गावकर-गांवकर, असले घोळ प्रत्येक घरात आहेत. डिग्री छापून यायच्या आधी दुरुस्ती मागितली तर एका अर्जात काम होतं, नंतर ॲफिडेव्हिट, पेपरात जाहिरात, सगळा तमाशा करावा लागतो.

मग रजिस्ट्रेशन. २०२१ च्या नॅशनल कमिशन फॉर अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याखाली आपला पेशा येतो, आणि नोंदणी राज्याच्या कौन्सिलकडे करायची असते. महाराष्ट्रात शिकला असाल तर तिथल्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी कौन्सिलची नोंदणी कॉलेजमधले सिनियर तुम्हाला सांगतीलच, ती करून घ्या आणि मग गोव्यात काम करायला काय लागेल ते इथे आरोग्य खात्यात लेखी विचारा.

सावधान: इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्सची मेंबरशिप म्हणजे सरकारी रजिस्ट्रेशन नाही. ती आपली संघटना आहे, मेंबर जरूर व्हा, पण इंटरव्ह्यूला ते कार्ड पुढे करून "रजिस्ट्रेशन आहे" म्हणू नका.

सरकारी नोकरीचा विचार असेल, म्हणजे बांबोळीचं जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज), म्हापसा-मडगावचं जिल्हा हॉस्पिटल वगैरे, तर १५ वर्षांचा रहिवासी दाखला मामलेदार कचेरीतून आधीच काढून ठेवा आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड चालू ठेवा. जाहिरात आल्यावर दाखल्यासाठी धावलात तर शेवटची तारीख निघून जाते. कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं असल्यास उत्तम, अशी अट तिथे असते. पेडणे, डिचोली, सत्तरीकडची आपली मुलं घरी कोकणी बोलतात पण लिहायची वेळ आली की गोंधळतात, तेवढा सराव करा.

चेक: वरचं सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये, आणि मूळ कागद घरच्या कपाटात. नसेल तर टप्पा २ वाचू नका.

टप्पा २: पहिली नोकरी पगार बघून घेऊ नका

पहिल्या नोकरीत एकच बघायचं, तुमचं काम तपासायला वर कोणी आहे का. पगारात दोन-तीन हजारांचा फरक असेल तर तो सरळ सोडून द्या. जिथे सिनियर रोज तुमच्या दोन पेशंटकडे बघून "हे का केलंस?" असं विचारतो ती जागा सोन्याची. जिथे मालक सकाळी येऊन गल्ला मोजतो आणि जातो आणि तुम्ही एकटे एका वेळी आठ जणांना मशीन लावत फिरता, तिथे दोन वर्षांत तुमचे हात फक्त पॅड चिकटवायला शिकतात.

इंटरव्ह्यूला हे प्रश्न तुम्ही विचारा, लाजू नका:

एका पेशंटला किती वेळ देता? नवीन पेशंटचं असेसमेंट कोण करतं, मी की सिनियर? दिवसाला साधारण किती पेशंट? नोट्स कुठे लिहितात, बघायला मिळतील का? ऑर्थो, न्यूरो, आयसीयू असं रोटेशन आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर मोठं हॉस्पिटल घ्या, पहिली दोन वर्षं तरी. आयसीयूत छातीची फिजिओथेरपी केलेली नसेल, व्हेंटिलेटरवरचा पेशंट पहिल्यांदा बेडच्या कडेला बसवलेला नसेल, तर पुढे होम व्हिजिटला आजारी माणूस समोर आला की हात थरथरतात.

सावधान: मूळ सर्टिफिकेट कुणालाही "जमा" करू नका. एका ठिकाणी जॉइन होताना माझ्या ओळखीच्या मुलीचे मूळ कागद ठेवून घेतले आणि सोडताना बाँडच्या नावाखाली तिला महिनोन्महिने फिरवलं. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा, परत घ्या. आणि बाँडवर सही करायच्या आधी घरी नेऊन वाचा.

आणखी एक, पगाराऐवजी "व्हिजिटिंग फी" देत असतील तर तुमचा टीडीएस कापला जातो, बहुतेक वेळा दहा टक्के. उत्पन्न कमी असलं तर रिटर्न भरून तो परत मिळतो, पण भरलं तरच. कितीतरी मुलं ते पैसे तसेच सोडून देतात.

टप्पा ३: पहिलं वर्ष, तपासणी आणि नोंद

हा टप्पा मोठा लिहितोय कारण करिअर इथेच बनतं आणि इथेच बिघडतं.

प्रिस्क्रिप्शनवर लिहिलेलं असतं "फिजिओ, दहा दिवस" आणि आपण दहा दिवस आयएफटी (दुखण्यावर पॅड लावून करंट देणारं मशीन) लावतो. पेशंट अकराव्या दिवशी विचारतो, दुखणं तसंच आहे हो. साहजिक आहे, तुम्ही तपासलंच नाही. खांदा दुखतो म्हणून पन्नाशीचा माणूस आला. तो स्वतः हात वर नेतो तेवढं बघून लोक थांबतात. त्याला झोपवा, कोपर कमरेजवळ ठेवा आणि तुम्ही स्वतः त्याचा हात बाहेरच्या बाजूला फिरवून बघा. तुम्ही फिरवूनही हात अडतोय, दुसऱ्या बाजूच्या निम्मासुद्धा जात नाही, तर फ्रोझन शोल्डरचा विचार करा आणि डायबेटिस आहे का विचारा, कारण त्या दोघांची दोस्ती जुनी आहे. तुम्ही फिरवल्यावर जवळपास पूर्ण जातोय पण त्याने स्वतः उचलताना दुखतं, तर गोष्ट वेगळी, व्यायाम वेगळे. मशीन दोघांना एकच लावलं असतं ना? तोच प्रॉब्लेम आहे.

क्रम असा ठेवा:

१. आधी ऐकून घ्या, मध्ये तोडू नका. दोन मिनिटं गप्प बसणं खूप जणांना जमत नाही.

२. धोक्याच्या खुणा विचारा. कंबरदुखीसोबत लघवी-संडासवरचा ताबा गेलाय का, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आहे का, तर आजच्या आज हॉस्पिटल, व्यायाम नाही. पूर्वी कॅन्सर, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपमोड करणारं सततचं दुखणं, पडल्यानंतर हाडावर नेमक्या जागी दुखणं, ऑपरेशननंतर एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, ह्यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरला फोन.

३. मोजा. गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, ड्रॉवरमध्ये ठेवायला घेतलेला नाही. दुखणं शून्य ते दहा, सांध्याची हालचाल अंशात. म्हाताऱ्या माणसांसाठी टाइम्ड अप अँड गो, म्हणजे खुर्चीतून उठून तीन मीटर चालून वळून परत येऊन बसणं, मोबाईलवर वेळ लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरून चला. ही टेस्ट करायला मशीन लागत नाही, एक खुर्ची आणि चिकटपट्टी लागते.

४. पेशंटला काय करता यायला हवंय ते त्याच्याच शब्दात लिहा. "डाव्या हाताने केस बांधता यायला हवेत." "न्हाणीघराची पायरी चढायची आहे."

५. मग उपचार.

६. त्याच दिवशी नोट लिहा. उद्या नाही.

सावधान: डायबेटिसच्या पेशंटला हॉट पॅक ठेवायच्या आधी गरम-थंड कळतं का ते टेस्ट ट्यूबने बघा. पायाला संवेदना नसते, तो "काही नाही हो, छान वाटतंय" म्हणतो आणि टॉवेल काढल्यावर फोड आलेला असतो. पेसमेकर असेल किंवा त्या भागात धातूचं इम्प्लांट असेल तर शॉर्टवेव्ह (खोलवर शेक देणारं मशीन) लावायचं नाही. पावसाळ्यात लाइट जाऊन येऊन असते, व्होल्टेज नाचतं, त्यामुळे अर्थिंग आणि स्टॅबिलायझर नसलेल्या प्लगवर मशीन जोडू नका.

चेक: तुमच्या कुठल्याही पेशंटची फाईल दुसऱ्या फिजिओला दिली तर त्याला तुम्हाला फोन न करता उद्याचं सेशन घेता येईल का? नाही येत? मग नोट्स सुधारा.

टप्पा ४: पेशंटशी बोलणं

ज्ञान सारखं असलेले दोन फिजिओ असतात, एकाचे पेशंट टिकतात, दुसऱ्याचे तिसऱ्या दिवशी गायब. फरक बहुतेक बोलण्यात असतो.

गोव्यात दिवसभरात कोकणी, मराठी, हिंदी, इंग्लिश सगळं तोंडात येतं. म्हाताऱ्या बायकांना "खंय दुखता गो माये?" एवढं विचारलं तरी त्या अर्ध्या मोकळ्या होतात. काका, आजी, बाय म्हणा, पण सरसकट "अंकल" नको.

गुडघा बदललेली एक आजी फोंड्याकडची. तिला अंश-बिंश काही नको होतं, तिचा एकच प्रश्न, "चवथीला माटोळीखाली मांडी घालून बसेन ना रे?" (चवथ म्हणजे गणेशचतुर्थी, माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची आरास.) इथे दोन चुका होतात. एक, "हो हो बसाल" म्हणून टाकणं. दोन, "नाही" म्हणून विषय बंद करणं. सरळ सांगायचं की आजी, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना विचारून ठरवू, बहुतेक खाली बसू नका म्हणतील, पण आरतीला काठी न घेता उभं राहायचं आणि पाटाऐवजी खुर्चीवर बसून पूजा बघायची, ह्याची तयारी आपण आत्तापासून करू. मग त्या उभं राहण्यासाठी ती रोज व्यायाम करते. आणि घरच्यांना सांगा की गुडघ्याखाली उशी ठेवू नका, बरं वाटतं पण गुडघा वाकलेलाच राहतो, ठेवायचीच तर टाचेखाली ठेवा. हे सांगितलं नाही तर तुमच्या तासाभराच्या मेहनतीवर उरलेले तेवीस तास पाणी.

घरी करायला दोनच व्यायाम द्या, फार तर तीन. दहा व्यायामांचा छापील कागद फ्रिजवर लागतो आणि तिथेच राहतो. पुढच्या वेळी आल्यावर "केलेत का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "करून दाखवा" म्हणा.

टप्पा ५: डॉक्टरांकडून रेफरल

मिठाईचा बॉक्स आणि व्हिजिटिंग कार्ड घेऊन ओपीडीबाहेर उभं राहण्यात वेळ घालवू नका. त्यांनी पाठवलेल्या पहिल्या पेशंटबद्दल चार ओळींचं पत्र पाठवा, बस. असं काहीतरी:

"उजवा खांदा, वय ५२, दोन महिन्यांपासून. पहिल्या दिवशी हात बाहेर फिरवणं १५ अंश, आज ४०. रात्रीचं दुखणं ८ वरून ३. डायबेटिस आहे, साखर बरेच दिवस तपासलेली नाही, आपण पाहावी ही विनंती. अजून चार आठवडे व्यायाम चालू ठेवतो."

ज्या डॉक्टरला असं पत्र येतं तो पुढचा पेशंट कुणाकडे पाठवेल? आणि पेशंट बरा होत नसेल तर तेही लिहा, लपवू नका, उलट विश्वास वाढतो.

सावधान: पेशंट पाठवण्याबद्दल कट, म्हणजे कमिशन, मागणारे भेटतील. देऊ नका. एकदा सुरू झालं की ते पैसे वसूल करायला तुम्ही गरज नसलेली सेशन्स वाढवता, आणि गोवा एवढुसा आहे, गोष्ट पसरते.

नावामागे "डॉ." लावण्यावरून वाद चालू असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने लावू नका असं पत्र काढलं आणि लगेच मागेही घेतलं. काय लावायचं ते त्या वेळच्या नियमाप्रमाणे बघा, पण बोर्डावर, कार्डावर आणि लेटरहेडवर "फिजिओथेरपिस्ट" हा शब्द ठळक हवाच, पेशंटची दिशाभूल होता कामा नये.

टप्पा ६: कोर्स आणि एमपीटी (पदव्युत्तर पदवी)

आता कोर्स. हो, सहाव्या नंबरवर. वीकेंडला टेपिंग, कपिंग, नीडलिंग (सुया टोचून उपचार), मॅन्युअल थेरपी, सर्टिफिकेटांची फाईल जाड होते, पण खांदा तपासता येत नाही. वर्षभर काम केल्यावर तुम्हाला कळतं आपण कुठे अडतो. लकव्याचे पेशंट जमत नाहीत? न्यूरोचं शिका. फुटबॉल खेळणारी पोरं गुडघ्याचं लिगामेंट तोडून येतात आणि त्यांना मैदानात परत कधी सोडायचं ते कळत नाही? मग स्पोर्ट्स. गोव्यात फुटबॉल आहे म्हणून स्पोर्ट्स एमपीटी करतो असं बीपीटीच्या निकालाच्या दिवशी ठरवणारे बरेच असतात, त्यातले निम्मे एकदाही ग्राउंडवर गेलेले नसतात. आधी गावच्या क्लबला एक सीझन फुकट मदत करा, उन्हात उभं राहून बघा आवडतं का.

एमपीटी दोन वर्षांचं आहे. शिकवायची आवड असेल किंवा मोठ्या हॉस्पिटलमध्ये वर जायचं असेल तर कराच.

टप्पा ७: होम व्हिजिट, पण हिशोबाने

गोव्यात होम व्हिजिटला मागणी भरपूर. मुलं लंडनला किंवा कुवेतला, घरी म्हातारे आईवडील आणि एक कामवाली. पैसे मुलगा पाठवतो, म्हणून त्याला आठवड्याला एकदा व्हॉट्सॲपवर थोडक्यात रिपोर्ट द्या, अर्थात पेशंटला विचारून.

चूक होते ती रस्त्यात. समजा व्हिजिटचे ६०० घेतले, पाऊण तास तिथे, आणि जायला-यायला मिळून सव्वा तास. म्हणजे दोन तासांचे ६००, त्यातून पेट्रोल वजा. सकाळी म्हापसा, दुपारी मडगाव, संध्याकाळी फेरी पकडून दिवाडी असं केलं तर दिवस रस्त्यातच जातो. एक भाग ठरवा, त्या भागाचे वार ठरवा.

बॅगेत बीपी मशीन, पल्स ऑक्सिमीटर, गोनिओमीटर, टेप, थेराबँड, चालवताना धरायचा कमरेचा पट्टा. व्यायामाआधी बीपी बघितल्याशिवाय लकव्याच्या पेशंटला हात लावू नका. आणि घरच्यांना पहिल्याच दिवशी दाखवा की लुळा हात धरून ओढत उठवायचं नाही, खांदा निसटतो.

मुलींसाठी: पहिली व्हिजिट घरातलं कुणीतरी हजर असतानाच, लोकेशन घरी शेअर करून. मुलांसाठी: बाई पेशंट असेल तर खोलीत दुसरं माणूस हवं, आणि कुठे हात लावणार आहात ते आधी सांगून, विचारून.

टप्पा ८: स्वतःचं क्लिनिक

मशीनच्या कोटेशनने सुरुवात करू नका, वहीने करा. समजा भाडं, लाइट, मदतनीस, लोनचा हप्ता मिळून महिन्याला ३५,००० खर्च आणि एका सेशनचे ४००. म्हणजे ८८ सेशन्स झाली की फक्त खर्च निघाला. २५ दिवस काम धरलं तर रोज साडेतीन पेशंट, तुमच्या खिशात शून्य. रोज आठ पेशंट येतील एवढी ओळख आज आहे का? नसेल तर नोकरी ठेवून संध्याकाळचं क्लिनिक सुरू करा. जून ते चवथ हा काळ मंदीचा धरा, पावसात लोक येत नाहीत आणि चवथीच्या आठवड्यात तर कुणीच नाही.

जागा तळमजल्यावर. गुडघेदुखीच्या पेशंटला दुसऱ्या मजल्यावर बोलावणारे फिजिओ मी पाहिलेत, काय बोलणार.

उघडायच्या आधी पंचायत किंवा पालिकेचं लायसन्स, आरोग्य खात्यात क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंटच्या नोंदणीची चौकशी, प्रोफेशनल इंडेम्निटी इन्शुरन्स (उपचारावरून पेशंटने दावा केला तर कामी येणारा विमा). सुया वापरणार असाल तर बायोमेडिकल वेस्टची परवानगी गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून लागते, सुया घरच्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत.

पहिल्या वर्षी पेशंटला झोपवायला एक चांगली कोच, समांतर बार, वजनं, पायऱ्यांचा ठोकळा, आरसा आणि एखादं साधं इलेक्ट्रोथेरपी मशीन एवढं पुरतं. लेझरचं मशीन विकणारा माणूस गोड बोलतो, त्याला पुढच्या वर्षी या म्हणा.

टप्पा ९: परदेशी जायचं असेल तर

पोर्तुगीज पासपोर्ट आहे म्हणून फिजिओची डिग्री तिकडे आपोआप चालते हा गोव्यातला जुना गैरसमज. पासपोर्ट युरोपियन युनियनमध्ये राहण्याचा हक्क देतो, ब्रेक्झिटनंतर यूकेत नव्याने जाणाऱ्याला तोही आपोआप मिळत नाही, आणि पेशाचं लायसन्स वेगळं. यूकेला एचसीपीसीची (तिथल्या आरोग्य पेशांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी लागते आणि इंग्लिशच्या पुराव्यासाठी आयईएलटीएस देत असाल तर एकूण ७, कुठल्याही भागात ६.५ च्या खाली नको. अमेरिकेत आधी डिग्रीचं मूल्यमापन, मग एनपीटीई ही फिजिओथेरपीच्या लायसन्सची परीक्षा, त्यात ६०० चा स्कोर हवा. दुबईला कागदांची डेटाफ्लो पडताळणी होते, त्यात तुमचं जुनं हॉस्पिटल ईमेलला उत्तर देतं का ह्यावर महिने जातात. म्हणून नोकरी सोडताना एचआरचा अधिकृत ईमेल आणि तारखा घातलेलं अनुभवपत्र घेऊनच बाहेर पडा. एजंटला पैसे द्यायच्या आधी त्या त्या कौन्सिलच्या वेबसाइटवरचा फॉर्म स्वतः उघडून वाचा, बहुतेक वेळा तो तुम्हाला स्वतःला भरता येतो.